तीन माकडे आणि एक शब्द: जपानमधला ‘सारु’ कसा ओळखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण ज्यांना ‘गांधीजींची तीन माकडे’ म्हणतो ती मुळात जपानची, हे खरे का? आणि जपानी चित्रांत, वेशीवरच्या दगडांत, म्हणींत, लोककथांत माकड इतक्या वेळा का भेटते?

हो, या रूपातली तीन माकडे जपानचीच. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्राण्यापेक्षा शब्दात जास्त आहे. जपानीत माकडाला ‘सारु’ म्हणतात. ‘निघून जाणे’ या अर्थाचे क्रियापदही ‘सारु’च. हा शब्द समासात दुसऱ्या जागी आला की बहुतेकदा त्याचा ‘झारु’ होतो. हा झ ‘माझा’मधला, ‘झेंडा’मधला नव्हे. जुन्या जपानीत क्रियापदाला नकार जोडताना विशेषणासारखे जे रूप होते, त्याचा प्रत्ययही ‘झारु’. म्हणजे ‘मि-झारु’ न पाहणारा, ‘किका-झारु’ न ऐकणारा, ‘इवा-झारु’ न बोलणारा. या तीन शब्दांत अर्थाने कुठेच माकड नाही, पण कानाला तीनही वेळा माकड ऐकू येते. शिवाय पूर्वीच्या लिखाणात स आणि झ वेगळे दाखवणारी खूण अनेकदा गाळत, त्यामुळे कागदावरही ‘सारु’ आणि ‘झारु’ सारखेच दिसत. कारागिराने ऐकू आले ते कोरले.

आता ‘वाईट पाहू नका’ हे आपले रूप घ्या. जपानी शब्दांत ‘वाईट’ हा शब्द नाही आणि आज्ञाही नाही. विचाराचा उगम कन्फ्यूशियसच्या वचनांत सापडतो. तिथे चार गोष्टी आहेत: जे रीतीला सोडून आहे ते पाहू नये, ऐकू नये, बोलू नये, करू नये. म्हणून कधी कधी चौथे माकडही दिसते. ते ‘से-झारु’, न करणारा. त्याचे हात बहुधा जांघेवर असतात. चिनी वचनात माकडे नव्हती, ती जपानी उच्चाराने आणली. गांधीजींच्या मोजक्या चीजवस्तूंत तीन माकडांची एक लहानशी मूर्ती होती आणि आपल्याकडे ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. मोबाइलवरचे डोळे, कान, तोंड झाकणारे तीन इमोजी हेच तिघे आहेत. २०१० साली युनिकोडमध्ये आलेल्या या चित्रांचा उगम जपानी फोनमधल्या चित्रसंचात आहे.

सर्वांत प्रसिद्ध तिघे निक्को इथल्या तोशोगू देवस्थानात आहेत. जपानचा लष्करी शासक तोकुगावा इएयासु याचे हे समाधिस्थान. त्याचा नातू इएमित्सु याने १६३६ मध्ये ते आजच्या रूपात बांधून घेतले. इथे बहुतेक जण एक चूक करतात. तिघांचा फोटो काढतात आणि पुढे सरकतात. ती पट्टी एकटी नाही. ओळीने आठ पट्ट्या आहेत आणि त्यांत मिळून सोळा माकडे आहेत. एका आयुष्याचा तो क्रम आहे. पहिल्या पट्टीत आई कपाळावर हात धरून दूर पाहते, म्हणजे पिल्लाचे भविष्य न्याहाळते, आणि पिल्लू तिच्या तोंडाकडे पाहते. दुसरी पट्टी आपल्या तिघांची. ते बालपण आहे: या वयात वाईट पाहण्या-ऐकण्या-बोलण्यापासून मुलाला जपावे. मग एकटे बसलेले, अजून उभे न राहिलेले तरुण माकड. मग आकाशाकडे पाहणारे. मग कड्यावरून खाली पाहणारे खचलेले माकड आणि त्याच्या पाठीशी सोबती. पुढे प्रेमात पडलेले, मग लाटांसमोरची जोडी, आणि शेवटी गर्भार माकडीण. तिचे पिल्लू जन्मले की गोष्ट पुन्हा पहिल्या पट्टीवर येते. पट्ट्या समोरच्या भिंतीवर सुरू होऊन पश्चिमेच्या बाजूला वळतात, तेव्हा कोपरा ओलांडून जायलाच हवे. तिघांना आठांतून सुटे काढले की तो उपदेश उरतो, आठांत ठेवले की ते संगोपन आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

ही इमारत देवाच्या घोड्याची पागा आहे. सोन्यारंगाने झळकणाऱ्या त्या आवारात तेवढीच साध्या, न रंगवलेल्या लाकडाची, त्यामुळे लगेच ओळखू येते. पागेवर माकड का? माकड घोड्याला रोगराईपासून राखते ही समजूत जपानमध्ये खोल रुजलेली होती. पागेत माकडाची कवटी किंवा हाताचे हाड ठेवत, वर्षारंभी माकडवाल्याला बोलावून पागेसमोर खेळ करवत. चीनमध्येही हीच समजूत होती. तिथल्या कथेत वानरराजाला स्वर्गात घोड्यांचा अधिकारी नेमतात तेव्हा मिळालेल्या हुद्द्याचा उच्चार ‘घोड्यांची साथ टाळणारा’ या शब्दांशी जुळतो. आपल्या पंचतंत्रातही माकड आणि घोडा औषधाच्या नात्याने एकत्र येतात. राजाचे घोडे भाजतात, शालिहोत्राच्या मतावरून वैद्य माकडांची चरबी सांगतात आणि राजवाड्यातली माकडे मारली जातात. तिथे माकडाचा जीव जातो. जपानमध्ये ते राखणदार होते.

आता खेड्यापाड्यांतले दगड. जपानमध्ये रस्त्याच्या तिठ्यावर, गावाच्या सीमेवर, देवळाच्या कोपऱ्यात गुडघाभर ते पुरुषभर उंचीचे दगड दिसतात आणि त्यांच्या पायाशी तीन माकडे असतात. हे कोशिन दगड. दिवस मोजायचे जुने चक्र साठ दिवसांचे: दहा ‘खोडे’ आणि बारा ‘फांद्या’ यांच्या जोड्या. त्यातली सत्तावन्नावी जोडी म्हणजे कोशिन. तिच्यातली फांदी ‘सारु’, माकड. साठ दिवसांनी एकदा, म्हणजे वर्षात सहा आणि एखाद्या वर्षी सात वेळा हा दिवस येतो.

समजूत चीनच्या ताओ पंथातली आहे. माणसाच्या शरीरात डोके, पोट आणि पाय अशा तीन ठिकाणी तीन किडे राहतात. कोशिनच्या रात्री माणूस झोपला की ते निसटून स्वर्गाच्या सम्राटाकडे जातात आणि साठ दिवसांची पापे सांगतात. तो आयुष्यातून त्या मानाने दिवस कापतो. उपाय सोपा: झोपायचेच नाही. हेइआन काळातल्या (७९४–११८५) दरबारात ही रात्र कविता रचण्यात आणि ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळण्यात जाई. एदो काळापर्यंत (१६०३–१८६८) ती गावोगाव पोचली. पाळीपाळीने एका घरी जमायचे, पूजा करायची, खायचे, प्यायचे आणि उजाडेपर्यंत बोलत बसायचे. तीन वर्षे, म्हणजे अठरा वेळा, खंड न पडता हे पार पडले की मंडळी वर्गणी काढून दगड उभा करत. त्या रात्री गर्भ राहिला तर मूल चोर होते, अशीही समजूत होती. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांचा जन्म १८६७ साली कोशिनच्या दिवशी झाला. जन्माचा दिवसही तितकाच वाईट मानत. त्यावर तोड म्हणून नावात सोने घालायची रीत होती, म्हणून त्यांचे खरे नाव किन्नोसुके. ‘किन्’ म्हणजे सोने.

दगड वाचायचा तर वरून खाली यावे. सर्वांत वर सूर्य आणि चंद्र, बहुधा ढगांवर. मध्ये शोमेन कोंगो, म्हणजे निळ्या चेहऱ्याचा वज्रधारी. ‘कोंगो’ हा वज्र शब्दाचाच अनुवाद. त्याला बहुधा सहा हात असतात, त्यांत चक्र, त्रिशूळ, धनुष्य, बाण, आणि एका हातात केसांनी धरलेली छोटी स्त्री. पायाखाली चिरडलेला राक्षस. त्याखाली कोंबडा आणि कोंबडी, आणि तळाला तीन माकडे. कोंबड्याचे कारण सरळ आहे. बारा प्राण्यांत माकडानंतर कोंबडा येतो, आणि जागरणही कोंबडा आरवला की सुटते. माकडांचे कारण दुहेरी. एक म्हणजे दिवसाचे नाव, आणि दुसरे म्हणजे किड्यांनी जे करू नये ते ही माकडे करून दाखवतात: पाहत नाहीत, ऐकत नाहीत, सांगत नाहीत. निक्कोचे तिघे वाढवण्याबद्दल बोलतात, दगडावरचे तिघे चहाडी थांबवतात. मूर्ती तीच, काम निराळे.

दगडांच्या बाबतीत ठरावीक चुका होतात. तिघांचा डावा-उजवा क्रम ठरलेला नाही, त्यावरून काळ किंवा गाव सांगू नये. काही दगडांवर एकच किंवा दोनच माकडे असतात, काहींवर माकड मुळीच नसते आणि नुसती ‘कोशिन’ ही दोन अक्षरे असतात. तोही कोशिन दगडच. झिजलेल्या दगडावर माकडे ओळखायची तर हात कुठे आहेत ते शोधावे, चेहरे शोधत बसू नये. उकिडवी बसलेली तीन गोल आकृती आणि कोपर बाहेर, एवढेही पुरते. कोशिन पूजेत स्वर्गाचा सम्राट आणि ताइशाकुतेन एकच मानले गेले. ताइशाकुतेन म्हणजे आपला इंद्र, शक्र. टोकियोच्या शिबामाता इथले त्याचे देवस्थान याचमुळे कोशिनच्या दिवशी गजबजते. तिथली हरवलेली मूर्तिफळी १७७९ मध्ये कोशिनच्याच दिवशी सापडली, अशी त्या देवस्थानाची परंपरा आहे.

मराठी वाचकाला इथे मारुती आठवणे साहजिक आहे, आणि तिथेच जरा थांबावे लागते. जपानमधले देवळातले माकड बहुधा स्वतः देव नसते. ते देवाचा निरोप्या असते. हिएई पर्वताच्या पायथ्याशी, ओत्सु शहरातल्या साकामोतो इथे, हियोशी ताइशा हे देवस्थान आहे. तिथल्या पर्वतदेवाचे निरोपे माकडे. तिथल्या माकडाला ‘मासारु’ म्हणतात. ‘मा’ म्हणजे अमंगळ शक्ती, ‘सारु’ म्हणजे जाणे: अमंगळ जाते. आणि ‘मासारु’ याच क्रियापदाचा दुसरा अर्थ वरचढ ठरणे. एका शब्दात दोन आशीर्वाद. पश्चिमेच्या मुख्य मंदिराच्या दुमजली दरवाजाखाली उभे राहून वर पाहा. छपराच्या चारही कोपऱ्यांत एकेक माकड तुळईचा भार उचलून बसलेले दिसेल. खालूनच दिसते, म्हणून बहुतेकांचे राहून जाते.

याच माकडाला क्योटोने पहारेकरी केले. ईशान्य दिशेतून अरिष्ट येते अशी समजूत. दिशांच्या चक्रात ईशान्य म्हणजे बैल-वाघ आणि तिच्या बरोबर समोर नैर्ऋत्य म्हणजे मेंढा-माकड. राक्षसाच्या दारासमोर उलट दिशेचा प्राणी उभा करायचा. क्योटोच्या जुन्या राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा आत वळवून कापला आहे, म्हणजे तिथे कोपराच राहत नाही, आणि छपराखाली टोपी घातलेले, हातात पूजेची कागदी काठी घेतलेले लाकडी माकड आहे. त्यापुढे जाळी आहे. रात्री सुटून ते लोकांना त्रास देई म्हणून जाळी लावली, असे सांगतात. तिथून ईशान्येला सेकिझान झेन-इन या देवळाच्या छपरावरही जाळीमागे माकड बसवले आहे.

‘जाणे’ हा अर्थ जसा तारतो तसा अडचणीतही आणतो. लग्नसमारंभात ‘सारु’ म्हणत नाहीत, जसे ‘तुटणे’, ‘वेगळे होणे’ असे शब्द टाळतात तसेच. व्यापाऱ्यांनाही ‘जाणे’ नको असे, म्हणून माकडाला ‘एते’ किंवा ‘एतेको’ म्हणायची पद्धत पडली. ‘एते’ म्हणजे मिळवून. पण माकडाच्या चिनी अक्षराचा दुसरा उच्चार ‘एन’, आणि ‘एन’ म्हणजे ऋणानुबंध. टोकियोच्या आकासाका भागातल्या हिए देवस्थानात नेहमीच्या राखणदार सिंहकुत्र्यांच्या मूर्तींच्या जागी माकडाची जोडी बसली आहे. मादीच्या कुशीत पिल्लू आहे आणि लोक तिथे लग्न जुळावे, बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून जातात. ज्या शब्दाला लग्नाच्या मांडवात बंदी, त्याचीच अक्षरे लग्न जुळवायला. एकच अक्षर कोणत्या उच्चाराने वाचता त्यावर सगळे ठरते. माकडाच्या वर्षी (२०१६ झाले, पुढचे २०२८) ‘आजार जातो’ म्हणून लाल अंतर्वस्त्रे भेट देतात आणि त्या वर्षीची खारवलेली उमे (आलुबुखारासारखी आंबट) फळे मुद्दाम राखून ठेवतात. साठ वर्षांनी येणारे कोशिन वर्ष फुजी पर्वताचे मानाचे वर्ष. १८६० च्या अशा वर्षी एरवी बंदी असलेल्या स्त्रियांना शिखरापर्यंत जाऊ दिले होते. १९८० नंतरचे कोशिन वर्ष २०४०.

चित्रांकडे वळण्याआधी प्राणी नीट ओळखला पाहिजे, कारण इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. जपानचे माकड म्हणजे निहोन-झारु: लाल चेहरा, लाल ढुंगण, दाट करडा-तपकिरी केसाळ अंगरखा आणि बोटभर आखूड शेपूट. होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाच्या शिमोकिता द्वीपकल्पापर्यंत ते राहते, माणूस सोडला तर इतक्या उत्तरेला दुसरा कोणताही वानरवर्गीय प्राणी नाही. त्याच्याही उत्तरेच्या होक्काइदो बेटावर ते नाही. मराठीत त्याला ‘माकड’ म्हणावे, ‘वानर’ नको. लांब शेपटीचा काळतोंड्या वानर तिथे नाहीच. पण जुन्या शाईच्या चित्रांत जे लांब हातांचे, बिनशेपटीचे, गोल चेहऱ्याभोवती फिकट केसांची झालर असलेले माकड दिसते, ते जपानचे नव्हे. ते गिबन, चीनमधले. तेराव्या शतकातल्या चिनी भिक्षू मूची याचे त्रिपट क्योटोच्या दाइतोकुजी मठात आहे: मध्ये शुभ्र वस्त्रातली कान्नोन, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, एका बाजूला करकोचा, दुसऱ्या बाजूला पिल्लाला कवटाळलेली गिबन. जपानी चित्रकारांनी गिबन पाहिलेला नव्हता, त्यांनी हे चित्र पाहिले. हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) याच्या वठलेल्या झाडावरच्या माकडांत मूची सरळ दिसतो. अशा माकडाला जपानीत ‘तेनागा-झारु’ म्हणतात, लांबहाती माकड. तेव्हा चित्र पाहताना आधी शेपूट आणि हाताची लांबी पाहा. लांब हात असतील तर विषय पुस्तकातून किंवा मठातून आलेला, आखूड शेपूट आणि लाल तोंड असेल तर डोंगरातून.

लांब हाताचे माकड पाण्यातल्या चंद्राकडे झेपावताना दिसले तर ती कथा थेट काशीची आहे. बौद्ध विनयग्रंथात पाचशे माकडे वाराणसीजवळच्या वडाखाली विहिरीत चंद्र पडलेला पाहतात आणि त्याला वाचवायला एकमेकांच्या शेपट्या धरून साखळी करतात. फांदी मोडते, सगळी बुडतात. इथे शेपटी हवीच, आणि गिबनला ती नाही. म्हणून झेन चित्रांत साखळी गळून पडली, एकच माकड आणि एकच लांब हात उरला. झेन भिक्षू हाकुइन (१६८६–१७६९) याने हा विषय वारंवार रंगवला. मला वाटते, शेपटी नसल्यामुळेच चित्र जास्त खोल झाले.

खरे डोंगरातले माकड रंगवले ते ओसाकाच्या मोरी सोसेन (१७४७–१८२१) याने. आधी पातळ रंगाची छटा, मग टोक फाकलेल्या कुंचल्याने केसांचे बारीक फटकारे, थरावर थर, अंगाच्या वळणाप्रमाणे दिशा बदलत. केस मऊ दिसतात ते या दिशेमुळे. नकलाकाराने फटकारे समांतर मारले की माकड खराट्यासारखे दिसते, आणि सोसेनच्या नकला खूप आहेत. एक खूण उपयोगी पडते. १८०७ च्या सुमारास त्याने नावातले पहिले अक्षर बदलले. आधी ‘पूर्वज’ अर्थाचे होते, नंतर त्याच उच्चाराचे ‘माकड’ अर्थाचे. सहीवरून चित्र आधीचे की नंतरचे ते कळते. माकडाशेजारी गांधीलमाशी असेल तर तिच्यामागे चिनी श्लेष आहे: माशी आणि माकड या शब्दांचा उच्चार ‘सरदारकी मिळणे’ यासारखा होतो. बोली जपानीत माशी ‘हाचि’, माकड ‘सारु’, श्लेष उरत नाही. चित्र मात्र उरले.

याहून जुनी चित्रगुंडाळी म्हणजे क्योटोच्या कोझान-जी मठाची चोजू-गिगा, बाराव्या-तेराव्या शतकातली, चार गुंडाळ्या. पहिलीत ससे, बेडूक आणि माकडे माणसांसारखी वागतात. कमळाच्या पानावर बुद्धासारखा बसलेला बेडूक आणि त्याच्यापुढे भिक्षूच्या वेषात मंत्र म्हणणारे माकड हा त्यातला सर्वांत ओळखीचा प्रसंग. गुंडाळी उजवीकडून डावीकडे उलगडते. आपल्या सवयीने डावीकडून पाहिली तर प्रसंगांचा क्रमच उलटतो. शिल्पात ताकामुरा कोउन याचे ‘म्हातारे माकड’ पाहावे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते गेले होते, आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मुठीत गरुडाची पिसे आहेत आणि नजर वर. गरुड निसटला आहे.

लोककथांतले माकड बहुतेक वेळा लबाड. खेकड्याच्या गोष्टीत ते पर्सिमनची बी देऊन भाताचा गोळा घेते, झाड वाढल्यावर स्वतः पिकलेली फळे खाते आणि हिरवी टणक फळे खेकड्यावर फेकून त्याला मारते. सूड घ्यायला चेस्टनट चुलीच्या राखेत लपते, गांधीलमाशी पाण्याच्या बादलीत, शेण उंबऱ्यावर, उखळ छपरावर. भाजलेले माकड पाण्याकडे धावते, डंख बसतो, बाहेर पळताना शेणावर घसरते, वरून उखळ पडते. हल्लीच्या मुलांच्या आवृत्त्यांत ते क्षमा मागून सुटते, जुन्यांत मरते. मोमोतारोच्या गोष्टीत मात्र कुत्रा आणि फेझंट पक्षी यांच्यासोबत ते सोबती आहे.

एक गोष्ट तुम्हांला लहानपणापासून माहीत आहे. मगरीच्या पाठीवर बसलेले माकड ‘काळीज झाडावरच राहिले’ म्हणते, ती जपानमध्येही आहे. बाराव्या शतकातल्या कोनजाकु या कथासंग्रहाच्या भारतखंडावरच्या भागात मगरीच्या जागी कासव येते. तोंडी परंपरेत पाठवणारा समुद्राचा नागराजा, मागणी काळजाऐवजी यकृताची, आणि बेत फोडणारा जेलीफिश. माकड सुटते, जेलीफिशला मार बसतो आणि त्याची हाडे जातात. म्हणून त्याला आजही हाडे नाहीत. भारतातली गोष्ट चातुर्याची होती, समुद्रकाठच्या लोकांनी तिची जेलीफिशच्या जन्माची केली.

भाषेतला पसारा मोठा आहे. ‘सारु मो कि कारा ओचिरु’, माकडही झाडावरून पडते. आपण ‘पोहणाराच बुडतो’ म्हणतो. ही म्हण वरिष्ठाची चूक सावरायला वापरू नये, कारण शेवटी तुम्ही त्याला माकड म्हटलेले असते. ‘केन-एन नो नाका’, कुत्र्या-माकडाचे नाते, म्हणजे आपले विळ्या-भोपळ्याचे सख्य. ‘सारु-माने’ आंधळी नक्कल, ‘सारु-जिए’ उथळ हुशारी, ‘सारु नो शिरि-वाराइ’ म्हणजे माकडाने दुसऱ्या माकडाच्या लाल ढुंगणाला हसणे. इथे ‘आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून’ हे नेमके बसते. ‘दान्चो’, आतडी तुटणे, हा शब्द अगदी जड निर्णयासाठी वापरतात. सैनिकाने पिल्लू उचलून नावेत नेले, आई काठाकाठाने धावली, नावेत उडी घेऊन मेली, आणि पोट फाडले तर आतडी तुकडे झालेली: ही चिनी कथा त्यामागे आहे. ‘इबा शिन-एन’ म्हणजे मन घोडा आणि चित्त माकड. मनाला फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या माकडाची उपमा पाली सुत्तांतही आहे. आणि सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला माकड म्हणत हे सर्वश्रुत असले, तरी त्याचा धनी नोबुनागा याच्या उपलब्ध पत्रात त्याच्यासाठी आलेला शब्द ‘टकला उंदीर’ असा आहे.

घरातही माकड आहे. जुन्या सरकत्या लाकडी दाराची उभी खिटी म्हणजे ‘सारु’. वर चौकटीत सरकणारी ‘आगे-झारु’, खाली उंबऱ्यात पडणारी ‘ओतोशि-झारु’. चुलीवर टांगलेल्या आकड्याची उंची धरून ठेवणारा छोटा तुकडा ‘को-झारु’, छोटे माकड. घट्ट धरून बसते ते माकड, एवढाच हिशेब. ‘सारु-सुबेरि’, माकड घसरते, हे झाड आपल्या ताम्हणाच्याच गणातले. साल सोलून खोड इतके गुळगुळीत होते की त्यावर चढता येत नाही.

नोह या मुखवट्यांच्या अभिजात नाट्याआधीच्या रंगमंचीय रूपाचे नावच सारुगाकु. क्योगेनमधला, म्हणजे नोहसोबत होणाऱ्या विनोदी नाट्यातला, ‘उत्सुबो-झारु’ मी सर्वांत वर ठेवेन. सरदाराला बाणांच्या भात्यासाठी माकडाचे कातडे हवे. बाणाने कातडे खराब होईल म्हणून माकडवाला स्वतःच काठीच्या एका फटक्यात मारायचे कबूल करतो. काठी उचलतो, आणि माकडाला वाटते खेळाची खूण झाली. ते काठी घेऊन नाव वल्हवायची नक्कल करते. माकडवाला रडतो, सरदारही विरघळतो. माकडाची भूमिका लहान मूल करते, आणि क्योगेन घराण्यांत म्हणतात: माकडापासून सुरुवात, कोल्ह्यापाशी शेवट. खऱ्या माकडांचा खेळ, सारु-मावाशि, विसाव्या शतकाच्या मध्यात जवळजवळ बंद पडला होता. यामागुचीतल्या हिकारी इथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा उभा राहिला. कवी बाशोची एक हायकू याच खेळावरची: ‘तोशिदोशि या / सारु नि किसेतारु / सारु नो मेन’. वर्षानुवर्षे माकडाला घातलेला माकडाचाच मुखवटा.

शेवटी हाताने करायचे काही. क्योटोच्या यासाका कोशिन-दो देवळात रंगीत ‘कुकुरि-झारु’ टांगतात: हातपाय एकत्र बांधलेले माकड, म्हणजे आवरलेली वासना. त्यावर इच्छा लिहायची आणि एक हव्यास सोडायचा. घरी करायचे तर सुती कापडाचा १२ सेंटिमीटरचा चौकोन घ्या, लाल असेल तर आधी धुऊन रंग जातो का पाहा, कारण ते बाहेर टांगायचे आहे. चारही बाजूंचे मध्य खडूने खुणा. सुलट बाजू आत ठेवून एक कोपरा दुमडा, त्याला लागून असलेल्या दोन अर्ध्या कडा एकमेकींवर आणा, आणि टोकापासून मध्याच्या खुणेपर्यंत ५ मिलिमीटर आत शिवा. चारही कोपऱ्यांचे असेच करा. शेवटच्या शिवणीत ३ सेंटिमीटर उघडे ठेवा. चारही मध्य एका बिंदूवर आले पाहिजेत. एखादी शिवण खुणेआधी थांबली तर पोटाला भोक पडते, पुढे गेली तर अंग पिळवटते. उलटवा, टोके बोथट काडीने बाहेर काढा, लिंबाएवढा कापूस भरा. जास्त भरला तर टोके एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, ही सर्वांत नेहमीची चूक. फट आतून टाका घालून बंद करा, चारही टोके पुढे, शिवणींच्या बिंदूवर आणून दोऱ्याने बांधा. डोक्यासाठी ८ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कडेने धावदोरा घालून, कापूस भरून ओढा. साधारण अडीच सेंटिमीटरचा गोळा होतो. तो वरच्या दोन टोकांच्या मध्ये टाचा. चेहरा काढू नका. हिदा ताकायामाच्या लाल ‘सारु-बोबो’ बाहुलीलाही चेहरा नसतो. ‘बोबो’ म्हणजे तिथल्या बोलीत बाळ. नारा शहराच्या जुन्या वस्तीत अशीच लाल माकडे वळचणीला माळेत लटकतात. घरात येणारी पीडा माणसाऐवजी ती स्वतःवर घेतात, म्हणून घरात जितकी माणसे तितकी माकडे.